खाजा पिंजाऱ्याची बेनाम चादर

लातुरातली अर्धी पोरं माझ्या नवऱ्याच्या हातच्या गादीवर झोपतात, असं खाजाची बायको फरीदा हसत म्हणायची. खाजा पिंजारी गाद्या भरायचा. भूकंपानंतर शहरात क्लासेसचं पेव फुटलं, गावोगावची मुलं एकेका खोलीत चौघं-चौघं राहू लागली, आणि प्रत्येकाला एक गादी लागू लागली. कापूस पिंजून, खोळीत भरून, टाके घालून खाजा ती स्वतः खोलीवर पोचवी आणि निघताना विचारी, "जेवणाचं बघितलं का, बेटा?"

त्याच्या दुकानावरच्या माडीत पुनम भाड्यानं राहत होती. शिरूर अनंतपाळकडच्या रामकिशनची ही धाकटी मुलगी बारावीला होती. तिच्या हातातला चहा बशीत सांडतो, हे आधी फरीदाला दिसलं. मग अक्षर बिघडलं, जीभ जड झाली. हैदराबादच्या डॉक्टरांनी निदान केलं: अंगात तांबं साठत जाण्याचा आजार, हजारोंत एखाद्याला होणारा. गोळ्या जन्मभर घ्यायच्या. घेतल्या तर मुलगी चारचौघींसारखी जगेल, सोडल्या तर हातपाय आणि वाचा जाईल. गोळ्या बाहेरून मागवाव्या लागत, आणि ते रामकिशनच्या आवाक्यापलीकडचं होतं.

खाजानं मदत गोळा करायला बाजारात चादर फिरवायचं काढलं, तेव्हा रामकिशन उठूनच उभा राहिला.

"न्हाई, खाजाभाई. गाव तोंडावर बोलायचं न्हाई, पाठीमागं बोलंल. थोरलीच्या सासरी कळालं तर तिला नांदू देतील का?"

"आन् क्लासातल्या पोरी?" पुनम खाली बघत म्हणाली. "आत्ताच थरथराबाई म्हणायल्यात."

"चादरीला नाव नसतंय," खाजा म्हणाला. "भूकंपात आमी चादर फिरवली. कुणाच्या घरात जाणार, हे कुणी इचारलं न्हाई, आमी सांगितलं न्हाई. तुझं नाव माझ्या तोंडातून निघायचं न्हाई, बेटा."

या शब्दावर पुनम तयार झाली.

खाजाच्या चादरीची रीतच तशी होती. चार जणांनी चार कोपरे धरायचे, माना खाली घालायच्या, आणि देणाऱ्यानं मूठ झाकूनच आत हात घालायचा. ना देणाऱ्याचं नाव, ना घेणाऱ्याचं. गंजगोलाईच्या बाजारपेठेतल्या प्रत्येक रस्त्यानं चादर फिरली. चौथा कोपरा दयानंद सरांनी धरला होता. भूकंपाच्या वेळी हा हदगावचा कॉलेजातला मुलगा मदतीला आला आणि खाजाच्या शेजारी कोपरा धरून पंधरा दिवस हिंडला. पुढं त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला, तेव्हा पहिल्या तुकडीला बसायला गाद्या खाजानं उसन्या दिल्या होत्या. आता क्लास तीन मजली होता. पुनमही तिथंच शिकत होती. रजेसाठी तिनंच त्याला आजाराचं सांगितलं होतं; घरचे आणि खाजा-फरीदा सोडले, तर शहरात ते ठाऊक असलेला तो एकच माणूस.

चादरीतून वर्षाची सोय झाली. पुढच्यासाठी हैदराबादच्या एका संस्थेला अर्ज करू, असं सर म्हणाले. "इंग्रजीत करून राहिलो. फक्त फोटो लागंल." खाजा लिहिण्या-वाचण्यातला माणूस नव्हता. त्यानं पुनमकडून फोटो मागून आणला आणि विश्वासानं सरांच्या हातावर ठेवला.

औषध लागू पडलं. मार्चमध्ये पुनमनं सगळे पेपर स्वतःच्या हातानं लिहिले.

जूनमध्ये निकाल लागला, आणि क्लासच्या दारावर दोन मजली फ्लेक्स चढला. वर पुनमचा तो फोटो. खाली तिचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, आजाराचं नाव. एका पोरानं खाजाला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'दुर्मिळ आजारावर मात. आमच्या परिवाराने दिले जीवदान. प्रवेश सुरू.'

खाजा तडक केबिनमध्ये गेला. आजवर तो त्याला दयानंद म्हणत आला होता.

"सर, ते उतरवा."

"बसा तर, खाजाभाई. चहा घ्या."

"पोरीला जबान दिली व्हती मी."

"तुम्ही दिली होती. मी कुठं दिली?" दयानंद शांतपणे म्हणाला. "अन् बदनामी थोडीच केली? ते बघून चार आजारी लेकरं शिकतील. बरं, नव्या होस्टेलला दोनशे गाद्या लागतात. म्हटलं, आपल्या माणसाला द्याव्यात."

खाजा त्याच्याकडे बघत राहिला. पत्र्याच्या शेडमधला मुलगा त्या चेहऱ्यात कुठं सापडतो का, हे तो शोधत असावा. मग तो चहा न घेता उठला. दुकानातून खोळ कापायची कात्री आणली, शिडी लावली आणि भरदुपारी, रखवालदार बघत असताना, पुनमचा चेहरा कापून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा फ्लेक्स लागलेला होता. छापखान्यात तो कॉम्प्युटरमध्येच होता.

तिसऱ्या दिवशी रामकिशन आला. थोरलीच्या सासरहून त्याला निरोप आला होता. माडीवरचं सामान त्यानं खाली आणलं. खाजा मध्ये आला.

"फोटो मीच दिला, रामकिशनभाऊ. अर्जाला म्हणून दिला."

"दिला त्याचं काई न्हाई. तुमी भोळे. पण पोरीच्या तोंडाचा कागद दुसऱ्याच्या हातात देताना एकदा मला इचारायचं."

फरीदानं आतून गोळ्यांचे खोके आणून पेटीवर ठेवले. रामकिशननं ते बाजूला सारले. "ह्यांचं आता नको," तो म्हणाला.

पुनम पायरीवर उभी होती. तिनं खाली वाकून खोके उचलले आणि आपल्या पिशवीत घातले.

"बाबा, मला जगायचंय," ती म्हणाली. जीभ आता स्वच्छ चालत होती.

मग तिनं खाजाकडे पाहिलं. दोन वर्षं ती त्याला चाचा म्हणत आली होती.

"मी देगलूरला मामाकडं शिकणार. तिथं मला कुणी वळखत न्हाई. तुमी भेटायला येऊ नका."

"न्हाई येणार, बेटा," खाजा म्हणाला.

रिक्षा वळेपर्यंत तो उन्हात उभा राहिला. सलाम करायला उचललेला हात त्यानं अर्ध्यावरूनच खाली घेतला.