स्वखुशीचा कागद

"टोपलं उंबऱ्याशी ठेव अन् मागं सरक."

आचाऱ्यानं माझ्या मायले हे सांगतलं. माय वलगाववरून वांगे घेऊन पायी आली होती, अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या बोर्डिंगात. त्यानं वांग्यांवर पाणी शिंपडलं अन् टोपलं आत नेलं. आमी माळी. आमच्या मळ्यातले वांगे आतल्या पंगतीत, अन् मी व्हरांड्यात ताट घेऊन, माझ्यासारख्या आणखी तिघा पोरायसंगं.

"काहून रे, तू भाईर काहून बसला?" मायनं इचारलं.

"आत लय गरमी होते, माय."

तिले खरं वाटलं. लेक कॉलेजात शिकून राह्यला, याच्यापुढं तिले काही दिसे नाही.

तवा नागपूरले नवं विद्यापीठ झालं होतं. पयले पदवीची परीक्षा पार अलाहाबादची, आता आपल्या मुलखातली. बाप मळ्यात सांगत सुटला, आता सर्वायचं विद्यापीठ आलं. त्या विद्यापीठाची कमिटी आमचं बोर्डिंग पाहाले येणार होती. सुपरिंटेंडेंट मोठ्या वकिलाच्या घरातले. मले बोलावून म्हणाले, "तुझं अक्षर सुंदर आहे. लिही. आम्ही चौघे स्वखुशीने व्हरांड्यात जेवतो. कसलीही तक्रार नाही."

मी लिहिलं. लाजलो तर नाहीच, उलट फुगलो. माझ्या अक्षराले आजवर कोणी सुंदर म्हणलं नव्हतं. बाकी तिघायच्या सह्याबी मीच घेतल्या, समजूत घालून. कमिटीनं कागद वाचला, मान हलवली अन् गेली.

पुढच्या साली अकोल्याकडून महाराचा एक पोरगा आला. मॅट्रिकले त्याले आमच्या चौघायपेक्षा जास्त मार्क. सुपरिंटेंडेंटनं त्याच्यापुढं तोच कागद सरकवला. "हे बघ, तुझ्याहून वरच्या जातीची ही मुलंसुद्धा आपणहून बाहेर बसतात. मग तुझी सोय कुठे करू?"

त्यानं कागद पुरा वाचला. मी दारातच उभा होतो.

"दादा, हे तुमीच लिवलं काय?"

"हो."

त्यानं पेटी उचलली अन् स्टेशनाच्या रस्त्याले लागला. मी थांबवलं नाही. थू माझ्या शिक्षणावर! पाणी शिंपडणाऱ्या आचाऱ्याले मी मनात शिव्या घालत होतो, अन् त्या पोराचं दार मी लावलं. सुंदर अक्षरात.

त्याच दिवशी ताट घेऊन आतल्या पंगतीत जाऊन बसलो. सारी पंगत उठली.

"लाज नाही वाटत?" सुपरिंटेंडेंट ओरडले.

"वाटते ना साहेब. त्या कागदाची वाटते. फाडा तो."

फाडला नाही. बोर्डिंगातून माझंच नाव कमी केलं. घरी येऊन मायले सारं सांगतलं, गरमीचं खोटंबी. ती मंग म्हणे, "तुले भाईर बसवलं, मंग माहे वांगे काहून खाल्ले त्यायनं?"

तिनं त्या बोर्डिंगात वांगे देणं बंद केलं. मी अकोल्याले दोन खेपा जाऊन त्या पोराले हुडकलं. भेटला नाही. भेटला असता तरी काय तोंड दाखवलं असतं?

औंदा कमिटी परत येणार आहे. कागद अजून सुपरिंटेंडेंटच्या कपाटात आहे. मी फाटकातच उभा राहीन. धक्के मारले तरी हटणार नाही. सांगीन, तो कागद खोटा आहे, अन् लिहिणारा मी आहे.