चेमाचा सेवापूर्ती सत्कार, मुक्काम लोणी देवकर

निघायचं कारण आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ऐन गळीत हंगामात उसाच्या पट्ट्यात फिरायला कोण जातं? माझ्याकडे एक स्पॅनिश मिडफिल्डर पडून होता.

चेमा. वय सदतीस, चौदा क्लब, सहा देश. पुण्यातल्या एका क्लबात तो दोन हंगाम खेळला, तेव्हा मी त्याची दुभाषी होते; आता स्पॅनिश शिकवते. पहिल्या क्लबाने त्याला दुसऱ्या क्लबाला भाड्याने दिला आणि परत न्यायलाच विसरला. तिसरा क्लब बंद पडला. एका ठिकाणी सकाळी सरावाला गेला, तर कपाटावर दुसऱ्याचंच नाव! निरोप कुणीच दिला नाही. "कुठे सोडू?" असं मी विचारलं की हा बाबा एकच शब्द बोलायचा, "हॉटेल."

आता तो पुण्यात हॉटेलवर राहून एका क्लबाच्या फोनची वाट बघत होता. आणखी एका वर्षाचा करार, शनिवारी कळवणार होते. गडी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंघोळीला नेत होता. शेवटी मीच वैतागले आणि म्हटलं, चल, शनिवारी शकीलकडे जाऊ.

शकील मुलाणी म्हणजे क्लबात किट सांभाळायचा तो. आता इंदापुरात त्याचं टायरचं दुकान आहे आणि लोणी देवकरच्या कारखान्यांतल्या कामगारांची फुटबॉल टीम तो चालवतो. त्या दिवशी सोमेश्वरनगरच्या ट्रॅक्टरवाल्यांशी मॅच होती. चेमा पाहुणा खेळाडू.

सकाळी सहाला हडपसर सोडलं. पाटसहून उजवीकडे वळलं की बारामती. रस्ते असे गुळगुळीत की पुणेकराला शंकाच येते, आपण चुकलो तर नाही? चहा-पोहे दोघांत मिळून शंभराच्या आत. खरी परीक्षा पुढे, इंदापूरच्या रस्त्यावर. उसाच्या जोडट्रॉल्या, त्यावर कर्णकर्कश गाणी आणि मागे दिव्याचा पत्ता नाही. ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवू नका, ट्रॅक्टरवाल्याला ऐकू येत नाही. देवाचं नाव घ्या आणि निघा.

मैदानावर पोचलो, तर समोर काय? भलामोठा फ्लेक्स! कोपऱ्यात चेमाचा फोटो, त्याच्याहून मोठे अकरा शुभेच्छुक आणि मधोमध लाल अक्षरं: 'सेवापूर्ती समारंभ'.

"शकील, अरे मेल्या, तो रिटायर कुठे झालाय?"

"मॅडम, मी तात्यांना फक्त त्याची कहाणी सांगितली हो. फ्लेक्स त्यांनी परस्पर छापला."

तात्या म्हणजे साखर कारखान्यातनं फिटर म्हणून निवृत्त झालेले, टीमचे स्वयंघोषित अध्यक्ष. ते ठणकावून म्हणाले, "चौदा ठिकाणी नोकरी केली आन् एका ठिकाणीबी नारळ न्हाय? आमच्यात शिपाई रिटायर झाला तरी जीपमधनं मिरवत घरी सोडत्यात. मानूस हाय का कोन हाय त्यो?"

चेमाने विचारलं, फ्लेक्सवर काय लिहिलंय? मी म्हटलं, "सुस्वागतम्."

मॅच झाली. चेमा वीस मिनिटं खेळला. त्यात एक पास असा दिला की अर्धं मैदान ओलांडून बॉल थेट पुढच्याच्या पायात. पुढचा वेल्डर होता, रात्रपाळी करून आलेला. त्याने तो पास तोंड उघडं ठेवून नुसता पाहिला. मग चेमाचा गुडघा आखडला आणि तो लंगडत बाहेर आला.

लगेच स्टेज. दोन खुर्च्या. फेटा बांधला, शाल घातली आणि मनोगतासाठी माइक पुढे केला, तेव्हा मला खरं सांगावंच लागलं. चेमा फेट्याहून लाल झाला. "अजून फोन यायचाय! कुणी ठरवलं मी संपलो म्हणून?" याशिवाय जे बोलला ते मी वर्गात शिकवत नाही.

"काय म्हंत्यात?" तात्यांनी विचारलं.

"भारावलेत," मी म्हटलं.

चेमाने दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ही कुणाची?

"मालकीणबाईंची," तात्या म्हणाले. "तुमी भायेर ऱ्हायला, त्यांनीच निभावलं आसंल की. त्यांचाबी मान आस्तो."

मी भाषांतर केलं. चेमाचं लग्न पाचव्या क्लबातच मोडलं होतं. तो स्टेजवरनं उतरला, लंगडत गेला, मॅचचा बॉल उचलला आणि त्या खुर्चीवर ठेवला.

तात्यांच्या पत्नी, काकू, ताट घेऊन पुढे झाल्या. बॉलला हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला आणि हात जोडले. मला हसू फुटलं, तेवढ्यात पाहिलं तर चेमा रडत होता. मग मीही रडले, लाज कसली?

"आता घरापत्तुर सोडायचं," तात्या म्हणाले.

"पुण्यात हॉटेलवर राहतो तो."

"हॉटेल म्हंजे घर न्हवं, बाई."

तरी जीप निघाली. पुढे हलगी, मांडीवर कुंकू लावलेला बॉल घेऊन चेमा, शेजारी मी, मागे शकील माझी गाडी घेऊन. हायवेला लागायच्या आधीच फोन वाजला. तोच! कानात बोट घालून चेमाने ऐकलं. करार तयार होता. त्याने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, तो जीपला बांधलेलाच होता.

"उशीर केलात," तो स्पॅनिशमध्ये ओरडला. "मी आजच रिटायर झालो!"

हायवेवर डाळजजवळ हलगी थांबली, जीप इथूनच परत फिरणार होती. उजनीच्या पाण्यातली चिलापी, कुरकुरीत तळलेली, थाळी अडीचशेच्या घरात. जरूर खा, पण काटे सांभाळा. निघताना तात्यांनी मला बजावलं, "हितनं फुडं तुमची जबाबदारी. घरी पोचलं की कळवा."

आठवड्याने तो मायदेशी गेला. तोवर तात्यांचा रोज फोन, "पोचलं का?" मी घरी वह्या तपासत बसलेली आणि मनात एकच, एवढ्या पगाराचा करार आपल्यामुळे बुडाला की काय!

मग चेमाचा फोटो आला. उत्तर स्पेनमधलं एक जुनं घर, दारात त्याची म्हातारी आई, तिच्या खांद्यावर सत्काराची शाल. भिंतीवर उलटा लावलेला फ्लेक्स. खुर्चीवर बॉल, कुंकू अजून तसंच.

मी तो तात्यांना पाठवला. लगेच उत्तर आलं:

"आता झाला कार्यक्रम."