फाट्यावरची साखळी

नागपुरात सकाळीच तर्री-पोहे (वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) चापून मी सौंसरची बस पकडली. नाकातोंडातून धूर निघत होता. शेजारच्या बाबांनी पिशवीतलं संत्रं पुढे केलं. "घ्या ना जी, लाजून काय राह्यले?" पुण्याचा माणूस मी, फुकटचं नको कसं म्हणणार!

लोधीखेडा मागे पडलं. पुढच्या फाट्यावर एक शिक्षिका हात करत होत्या. ड्रायव्हरने साफ काणाडोळा केला.

"पाचवीच्या बोर्डाची पोरं हायेत, इकडे मध्य प्रदेशात पाचवीलेही बोर्ड असते न् पेपर सौंसरले," बाबा म्हणाले. "अर्ध्या तिकिटाचे म्हणून हा गाडी लांब नेऊन थांबवते. पोरं धावत येईस्तोवर पसार! मांगच्या साली पेपर हुकला न् पोराइचं सालच गेलं."

माझं डोकंच फिरलं. पण बाहेर पाहतो तर काय, पोरं घोळक्याने नव्हतीच! रस्त्याच्या कडेने, हाकेच्या अंतरावर, एकेक करून उभी होती. बाबांना उतरायचं होतं म्हणून गाडी बरीच पुढे थांबली, तर तिथेही एक हजर. दोन वेण्यांची किडकिडीत पोरगी. बाबा उतरले आणि ती पायरीवर चढून दांडा धरून उभी राहिली.

"उतर वो पोरी! गाडी फुल हाय," कंडक्टर खेकसला.

"आमचे सारे येऊन राह्यले जी."

आवाज रडवेला झाला होता, पण पोरगी काही हलेना. ड्रायव्हरने इंजिन गुरगुरवलं. तेवढ्यात दुसरं पोर येऊन तिला बिलगलं, मग तिसरं. धूळ उडवत अख्खी वरात आली! "अहो, घ्या की त्यांना!" मीही ओरडलो. शेवटी धापा टाकत बाई चढल्या.

"तिलाच टोकाला का उभं केलंत?" मी विचारलं.

"छबीले? तेच त सगळ्यात भित्री. पण मांगून आपले येऊन राह्यले हे ठाऊक असलं का हटत नाही."

सौंसरला पोरं वेळेवर पेपरला पोचली. मी पांढुर्ण्याला मित्राकडे गेलो, झुणका-भाकरीवर आडवा हात मारला आणि चार-दोन दिवसांनी परत निघालो. सौंसरहून नागपूरची गाडी धरली, तर कंडक्टर तोच.

फाट्यावर छबी उभी होती. तिने हात केला आणि गाडी अगदी तिच्या पुढ्यात थांबली.

"मांगून कोणी येऊन राह्यलं का?" कंडक्टरने हसत विचारलं.

"नाही जी. एकटीच हावो. लोधीखेड्याले आत्याकडे चालली."

मी उठून तिला खिडकीची जागा दिली. बाईंनी पोरांना एकमेकांसाठी थांबायला शिकवलं, आणि त्यातली सगळ्यात भित्री पोर आता एकटीने बस थांबवत होती. हे सांगताना अजून माझा ऊर भरून येतो.