शेवट कोणीच सांगेना

आमच्या बल्लारपूरच्या वाचक मंडळात दर महिन्याला एकच काम असतं. गोल बसायचं आणि सध्या कोणतं पुस्तक वाचून राहिलो, ते का, हे पाळीपाळीनं सांगायचं. सोपं आहे की नाही? पण माणसं असं काही सांगतात की डोकं उठतं. एक भाऊ दर वेळी नवंकोरं पुस्तक आणतात, कव्हर सगळ्यांना फिरवून दाखवतात आणि "अप्रतिम!" म्हणून खाली बसतात. अहो, काय अप्रतिम? कागद? का वाचलं विचारावं तर म्हणे, "वाचलंच पाहिजे असं आहे." झालं. पुढचा माणूस.

मी इतकी वर्षं तोंड मिटून बसले, आणखीही बसले असते. पण माझ्या आईचं काम अडलं.

आई गोंडपिपरीकडच्या खेड्यातली. बाबा गेल्यापासून माझ्याकडं असते. मंडळाच्या कपाटातली एक जुनी कादंबरी मी घरी आणली होती, ती तिनं हातात घेतली. त्यातली बाई लहानग्या पोरीला ओसरीत बसवते आणि घर सोडून निघून जाते. पोरगी वाट पाहत राहते. आईनं ओळीखाली बोट ठेवून ठेवून ती वाचली. भाजी करपली तरी वाचली. आणि शेवटाला येऊन पाहते तर काय, मागची पानं वाळवीनं खाल्लेली! बाई पोरीसाठी परत येते की नाही, नेमकं तेच गायब. मीही तीच प्रत वाचून तिथंच लटकलेली. चंद्रपूरला दोन दुकानांत विचारलं, तर पुस्तक छापणंच बंद झालंय म्हणाले.

"तुह्या मंडळात कोनी ना कोनी वाचलंच असन," आई म्हणाली. "त्याइले विचार ना."

टाकलं ग्रुपवर. ही कादंबरी कोणी वाचली आहे का? धडाधड उत्तरं आली. "वाचली म्हणजे काय, जबरदस्त!" "कॉलेजात असतानाच." "दोनदा वाचली, दोन्हीदा रडलो." मी खूश. लगेच विचारलं, मग शेवटी ती परत येते का? आणि सगळे चिडीचूप. बऱ्याच वेळानं अध्यक्ष भाऊंनी लिहिलं, "ताई, शेवट सांगत नसतात." त्याखाली ओळीनं सगळ्यांचे अंगठे. ज्यांना एरवी दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत दम निघत नाही, ते एकाएकी इतके संयमी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईला सांगितलं तर ती उलट खुलली. "बरोबर आहे त्याइचं."

आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात. एकाच कंपनीचं तेच नाटक आज या गावात, परवा पलीकडच्या. आईच्या माहेरी रिवाज असा, की ज्यानं नाटक पाहिलं त्यानं पुढच्या गावच्या सोयऱ्याला शेवट सांगायचा नाही. सांगितला तर पुढच्या वर्षी त्याला कोणी नाटकाला बोलावत नाही. सगळ्यांचं पाहून झालं, की मग मोकळीक. मग खळ्यावर, पारावर, जो तो शेवटावरूनच भांडतो. मंडळाची माणसं तोच रिवाज पाळून राहिली, असं आईला वाटलं. "चांगल्या घरची मानसं दिसतात," म्हणाली. आता काय बोलू? आई, ह्यांनी ते पुस्तक उघडलंसुद्धा नाही, हे अगदी ओठावर आलं होतं.

"मंग मीच येतो," ती म्हणाली. "तोंडावर विचारलं का सांगतीन."

नको म्हटलं, खूप नको म्हटलं. ऐकते थोडीच! धुतलेलं पातळ नेसून, पुस्तक पिशवीत घालून आली. तिची पाळी आली तशी तिनं गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, पोरीनं ओसरीत मांडलेल्या खड्यांसकट. मंडळात इतकं मन लावून मी कधी काही ऐकलं नव्हतं.

"आणि का वाचलंत, आई?" अध्यक्ष भाऊंनी कौतुकानं विचारलं.

"माही मोठी बहीन अशीच घर सोडून गेली," आई म्हणाली. "पोरगी मांघं ठेवून. ते पोरगी मीच वाढवली. बहीन काई आली नाई. म्हटलं, हे तरी येते का पाहावं."

मावशीचं हे मला माहीत होतं, पण ते या पुस्तकाशी मी कधी जोडलंच नव्हतं.

"सांगा ना भाऊ. येते का ते?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला. "शेवट सांगितला तर मजा जाते, आई."

"माही पानं वाळवीनं खाल्ली. मी कुठी वाचू?"

"शेवट ज्याचा त्यानं ठरवायचा असतो," एक बाई म्हणाल्या. मला वाटलं, उठून त्यांच्या हातातलं नवंकोरं पुस्तक हिसकावून घ्यावं.

आईनं सगळ्यांकडं पाहिलं. "इथी बसलेल्या साऱ्याइनं वाचलं ना हे?"

माना हलल्या. हलल्या हो! लाज कशी वाटली नाही?

"मंग लपवून कोनापासून राह्यले?"

एकजण चहा आला का पाहायला म्हणून जो बाहेर गेला तो गेलाच. आई एकेका चेहऱ्याकडं पाहत गेली, आणि पाहता पाहता तिचा चेहरा उतरला. भाऊ म्हणाले, "बहुतेक येते. हो, येतेच." आईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुस्तक पिशवीत घातलं, माझा दंड धरून उठली.

"चाल बाई घरी," खुर्च्या भरलेल्या खोलीत ती म्हणाली. "इथी कोनी नाई."