किल्ल्यात ठेवलेलं सामान

सौदीतल्या यान्बूच्या एका कारखान्यात सुट्या भागांचं भांडार मी सांभाळत होतो. परक्यांच्या जागी सौदी माणसं नेमायचा, सौदीकरणाचा जोर वाढला तेव्हा माझ्या टेबलाला टेबल लावून एका सौदी गृहस्थाला बसवलं. जेद्दाच्या अल अझीझिया वस्तीतला, वयाने माझ्याएवढा. त्याने माझं काम शिकायचं होतं. शिकून झाल्यावर माझं काय, हे कोणी बोलत नव्हतं. माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वर्षाअखेर संपणार होता.

त्याला इतिहासाचं वेड. दुपारी कहवा ओतताना तो एका तुर्क सरदाराचं चरित्र तुकड्यातुकड्याने सांगायचा. या सरदाराच्या नावाने पुढे सहाशे वर्षं राज्य चाललं. त्याचा बाप चारशे तंबू घेऊन परक्या मुलखात आला आणि तिथल्या सुलतानाने त्याला सरहद्दीवर चराईची जमीन दिली. तंबू कोणी मोजले, असं मी विचारलं.

"तू तिथे असतास तर नक्की आकडा मिळाला असता," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. परका माणूस, चराई, मेहेरबानी. हे सगळं मला उद्देशून चाललंय असं वाटत राहिलं.

शाळांना सुट्टी लागली तशी माझी रजा मंजूर झाली. रजेवर जाणारा भांडाराच्या चाव्या शेजारच्याकडे देतो आणि येताना गावचा खाऊ आणतो, ही आमच्याकडची रीत. नेमका त्याच दुपारी त्याने पुढचा तुकडा सांगितला. सरदाराची टोळी उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर जायची. जाताना मौल्यवान सामान शेजारच्या ख्रिस्ती किल्लेदाराकडे ठेवायची आणि परतल्यावर त्याला चीज, गालिचे द्यायची. अनेक वर्षं हे सुरळीत चाललं. मग एकदा गाठोड्यांमध्ये हत्यारबंद माणसं लपून आत गेली आणि किल्ला सरदाराचा झाला.

"चाव्या कधी देतोस?" त्याने लगेच विचारलं.

आमच्या कारखान्यातून रजेवर गेलेल्या दोघांना गावी असतानाच परत येऊ नका असे फोन गेले होते. घरी मी रजा रद्द करण्याची भाषा केली. बायको बॅग भरत होती. "तुम्ही इथे बसून राहिलात तर तो काय उठून जाणार आहे?" एवढंच म्हणाली.

शेवटी चाव्या हातात धरूनच मी त्याला विचारलं, "तुझ्या गोष्टीत मी कोण?"

त्याने कप खाली ठेवला. "सरदार. किल्लेदार मी. सगळे म्हणतात, याला आयती खुर्ची मिळाली. तू एक कप्पा उलटसुलट लावून गेलास तर महिनाभर माझं हसं होईल. गाठोड्यात काय ठेवून चाललायस, मला कसं कळणार?"

यावर शपथा घेण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघांनी मिळून एकेक कप्पा उघडला आणि आतला माल मोजला. संध्याकाळ झाली. मग चाव्या दिल्या.

गावी असताना फोन वाजला की आधी नंबर पाहायचो. पण तो फोन आला नाही. परतल्यावर इकामा आणखी एका वर्षासाठी वाढल्याचं कळलं. त्याच्यासाठी मी काजू आणि आंबापोळी नेली होती. त्याने हसत डबा उघडला, आंबापोळीची वरची घडी उचलली आणि खाली काय आहे ते पाहिलं.

खुर्चीत बसण्याआधी मीही माझे खण उघडून पाहिले होते.