किटलीतली साखर

शेजारच्या जिजीने माझ्या हातातली किटली घेतली तेव्हा ती हसत होती. हे आधीच सांगून ठेवते. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नाक मुरडणं नाही. "आलीस व्हय? बस की," म्हणाली. मला ओट्यावर बसवलं आणि किटली घेऊन आत गेली.

आमची जर्सी गाय सकाळी व्याली होती. किटलीत तिचा चीक होता. पहिल्या धारेचा, पिवळा, दाट. चालताना झाकणातून माझ्या बोटांवर सांडला होता. वाळला की बोटं चिकटतात. म्हणून हात धुवायला घराला वळसा घालून मागच्या नळाकडे गेले.

जिजी तिथेच होती. पाठमोरी. कुत्र्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थाळ्यात आमची किटली उपडी करत होती. "टायगर, ये. पी." सगळा चीक निघावा म्हणून तिने किटलीच्या बुडावर दोन चापट्या मारल्या.

मी मागे फिरले. ओट्यावर येऊन बसले. उठलेच नव्हते अशी.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. किटली धुतलेली. आत मूठभर साखर.

"लई झ्याक चीक हाय गं. आता खरवस लावते कुकरला. रिकामी किटली दिऊ न्हाय, म्हणून साखर घातलीया. आईला सांग."

मी म्हणाले, "हो जिजी, सांगते."

तो 'हो' मला अजून छळतो.

ज्यांच्या घरी गाय नाही त्यांच्यासाठी सांगते. गाय व्याली की पहिले चार-पाच दिवस तिचं दूध डेअरी घेत नाही, तापवलं की फाटतं. मग चीक शेजारीपाजारी वाटतात. घरोघरी खरवस होतो. किटली परत येते ती कधीच रिकामी येत नाही. साखर, शेंगा, मूठभर गहू, काहीतरी असतंच. सणसरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेच्या आमच्या मळ्याच्या वस्तीवर पाच घरं आहेत. चार त्यांची, ऊसवाल्यांची; जिजीचं त्यातलंच. पाचवं आमचं. आम्ही मातंग. आधी गावात खालच्या आळीला राहायचो. वडिलांनी जाण्याआधी हे अर्धा एकर घेतलं, तेव्हापासून मी आणि आई इथे. सहा वर्षं झाली. सहा वर्षांत त्या चार घरांत किती गाई व्याल्या असतील! किटल्या आमच्या कुंपणावरून या घरातून त्या घरात जायच्या. आमच्या दारात एकही थांबली नाही. आई बघायची आणि भांडी घासत राहायची.

आमची गाय व्याली तेव्हा आईच म्हणाली, "आपुन आधी दिऊ. कुनीतरी सुरवात कराया पायजे का नगं?"

त्या दिवशी मी साखर घरी आणली. आईने किटलीत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे. तिचा चेहरा असा फुलला की मला बोलवेना. "बघ," म्हणाली, "म्हनलं नव्हतं? मानसं वाईट नसत्यात. आपुनच लांब राहतो." ती साखर तिने रोजच्या डब्यात मिसळली नाही. वेगळ्या बरणीत ठेवली. पाहुणं आलं की त्यातला चमचाभर चहात, आणि वर सांगायची, "जिजीच्या घरची हाय." खालच्या आळीत जाऊन सांगून आली. मावशीला फोनवर सांगितलं. मी ऐकत होते. तो चहा पीतही होते!

मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करते. बारामतीला डेअरीचा डिप्लोमा केलाय. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या दुधाचं सॅम्पल घ्यायचं, फॅट काढायची, पाणी मिसळलंय का ते कळायला डिग्री बघायची. आमच्या जर्सीचं आणि जिजीच्या एचएफ गाईचं दूध एकाच टाकीत ओततात. तिथे कुणाची हरकत नसते. टँकर भरून जातो आणि तेच दूध पिशवीतून सगळ्यांच्या घरी येतं. ते चालतं. आमच्या हातून, आमच्या किटलीतून, आमचं म्हणून गेलं की ते कुत्र्याचं.

आणि वर सगळे म्हणतात, आता कुठे राहिलंय तसलं काही? बारामतीच्या होस्टेलवर माझी रूममेटही म्हणायची. तिने पहिल्या दिवशी आडनाव विचारलं होतं. आडनावावरून कळेना, म्हणून गाव विचारलं. गावावरूनही कळेना, तेव्हा म्हणाली, "नाही गं, म्हणजे तुम्ही नक्की कोण?" मी सांगितलं. "अय्या, मी नाही मानत हां असलं काही," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या लोणच्याची बरणी कपाटात कुलपात. तेव्हाही मी गप्पच होते. गप्प बसायची मला जुनी सवय. त्याला मी शहाणपणा म्हणायचे.

दोन महिन्यांनी आमची दुसरी गाय व्याली. आईने किटली घासूनपुसून लख्ख केली, काठोकाठ भरली. "पयली जिजीला," म्हणाली. मी म्हणाले, मला वेळ नाही. "मंग मी जाते." डोक्यावर पदर घेतला, चप्पल घातली. फाटकापर्यंत गेली.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. सांगितलं. थाळा, टायगर, बुडावरच्या चापट्या. सगळं.

आईने किटली खाली ठेवली. रडली नाही. विचारलं, "कवा बघितलंस?"

"त्याच दिवशी."

"आन दोन म्हैनं मी गावभर सांगत सुटले, ते ऐकत बसलीस?"

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

"वाईट वाटायचं का न्हाय, ते माझं मी बघितलं असतं. तू कोन ठरवनारी? जिजीनं मला येडं केलं. आन तूबी केलंस."

मला वाटत होतं मी आईला जपतेय. जिजीलाही तसंच वाटलं असेल, आपण या पोरीचं मन राखतोय. तिने साखर घालून झाकलं, मी गप्प बसून झाकलं. आईला दोघींनीही खरं ऐकायच्या लायकीचं समजलं नाही. माझी मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी केंद्रावर रांग होती. सात-आठ जण. जिजीचा मुलगा कारखान्यावर गेलेला, म्हणून ती स्वतः कॅन घेऊन आली होती. सगळ्यांदेखत, हसून म्हणाली, "काय गं, गाय व्याली म्हनं तुमची? ह्या टायमाला चीक न्हाय आनलास?"

माझ्या हातात तिच्याच दुधाचं सॅम्पल होतं. ते खाली ठेवलं.

"न्हाय आणला, जिजी. मागच्या वेळचा तुमी कुत्र्याला घातला. मी मागच्या नळापाशी उभी होते."

जिजीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "अगं, आमच्या घरात नसतं चालत. म्हातारी मानसं हायती. आन तुला तोंडावर काय बोलले का मी? साखर दिली की चांगली!"

"साखर दिली म्हणूनच बोलतेय. घ्यायचा नव्हता तर दारातच न्हाय म्हणायचं. तेवढं ऐकायची ताकद हाय आमच्यात."

तिच्या दुधाची फॅट काढली. जी आली तीच लिहिली. पावती हातात दिली.

दुसऱ्या दिवशी केंद्राचे मालक तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "चारी घरांचं दूध दुसरीकडं जाईल. तिच्या घरी जा, चुकलं म्हन, इषय संपीव. तुझं काय जातंय?"

"चुकलं ते मी आईला म्हणाले, तात्या. जिजीला म्हणायचं कायच न्हाय माझ्याकडं."

तात्या म्हणाले, आठवडाभर विचार कर. आज चौथा दिवस. चार घरांपैकी दोन घरांचं दूध आलेलं नाही. आई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तो तिचा हक्क आहे. मी विचार केलाय. तात्यांनी काढलं तर काढू देत, भिगवण रस्त्याला केंद्रं कमी नाहीत, आणि नसली तरी हरकत नाही. यापुढे जे दिसेल ते त्याच दारात, त्याच क्षणी, दिसलं म्हणून सांगणार. समोर कितीही हसरा चेहरा असला तरी.