आत्याबाईंची पाठ

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले आणि तेवढ्या एका गोष्टीवर मी लोकांचं औषध ठरले. आमच्याकडं पाठीत उसण भरली, की पायाळू माणसाकडून तीनदा लाथ मारून घेतात. सकाळी, चूळही न भरता, कुणाशी न बोलता. वडीलधाऱ्याला पाय लावणं पाप, म्हणून लाथ मारून झाली की लगेच त्याच्याच पाया पडायचं. पाप आणि प्रायश्चित्त एका दमात उरकायचं. लहानपणी मला याचं फार हसू यायचं.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन मी सोनईपासून कोसभरावरच्या एका खेड्यात आले. तेव्हा मोठी लढाई चालू होती, साखर आणि रॉकेल रेशनवर गेलं होतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. माझी भाकरी जाड व्हायची, कालवण पांचट व्हायचं, पण आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात आडावर सांगून टाकलं, "आमची सून पायाळू हाय बरं का!" झालं. सकाळ उजाडली की ओट्यावर कुणीतरी कंबर धरून हजर. ज्या बायका माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या, त्याच माझ्यापुढं पालथ्या पडायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. त्या घरात माझं म्हणून दुसरं काहीच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सोनईला चिंचेखाली एक म्हातारा हाडवैद्य बसायचा. धनगर होता. माणसांचे आणि बैलांचे निखळलेले सांधे एकाच हातानं बसवायचा. सुगी संपली की येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचा, "दुखायच्या आधी येत जा रं. मनका आधी बोलत न्हाई, आन् बोलला की मंग ऐकत न्हाई." लोक हसायचे. दुखत नसताना वैद्याकडं जायला कुणाला वेळ होता?

आमचं घर अकरा माणसांचं आणि आड गावाबाहेर. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, अशा आत्याबाई आणि मी दोघी सकाळभर खेपा घालायचो. मला पाचवा महिना लागला तसा आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरचा हंडा काढून घेतला. "पोटुशीनं वजन उचलू नये," म्हणाल्या आणि माझ्या वाटणीच्या खेपाही स्वतः घालू लागल्या. दिवाळीनंतर त्यांच्या कंबरेतून निघालेली कळ पार टाचेपर्यंत जाऊ लागली. एका सकाळी चुलीपुढून उठताना त्यांना भिंत धरावी लागली. तेव्हा कुठं मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यांना बाजाराच्या दिवशी त्या हाडवैद्याकडं नेलं. सोबत मी होते.

म्हाताऱ्यानं त्यांना घोंगडीवर पालथं निजवलं आणि मानेपासून खाली एकेक मणका अंगठ्यानं चाचपत आला. कंबरेच्या वर एका जागी आत्याबाईंनी श्वास धरला. तो थांबला. पाय बधिर होतो का, असं विचारलं. होतो, म्हणाल्या.

"ही उसण न्हाई," तो मामंजींना म्हणाला. "मनका दबलाय. चार म्हयनं डोक्यावर वजन घिऊ देऊ नका. हंडा न्हाई, भारा न्हाई. आन् हितं कुनाचा पाय लागू देऊ नका." शेवटचं बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं. माझी कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती.

परतताना मामंजींनी हिशेब मांडला. म्हणाले, "सून पोटुशी. मंग पानी आनायचं कुनी?" घरात मामंजी, माझा नवरा आणि दीर असे तीन धडधाकट पुरुष होते. त्यांचं नाव कुणी काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं नाही. बाप्यानं डोक्यावर हंडा घेतला असता तर गावानं तोंडात शेण घातलं असतं.

घरी आल्यावर मामंजीच म्हणाले, "घरात औषध असताना त्या म्हाताऱ्याचं काय ऐकायचं?" सगळे माझ्याकडं बघू लागले.

नको म्हणायला मला एक शब्द पुरला असता. वैद्याचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण नको म्हणणं म्हणजे माझ्या पायात काही नाही असं कबूल करणं. मी म्हणाले, "उद्या सकाळी."

तीन दिवस रोज सकाळी लाथ दिली. पहिले दोन दिवस टाच नुसती टेकवली. फरक दिसेना, म्हणून तिसऱ्या दिवशी जोर लावला. आत्याबाईंच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त चटईची कड त्यांनी मुठीत आवळली. मी घाईनं त्यांच्या पाया पडले. त्या सावकाश उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उतरलं गं पोरी. लई हलकं वाटतंय." आणि हंडा घेऊन आडाकडं गेल्या. त्या हंडा उचलत होत्या तो मला उचलावा लागू नये म्हणून, हे मला कळायला हवं होतं. मी मात्र माझ्या पायाचं कौतुक करत बसले.

आठवड्याच्या आत बायका धावत सांगत आल्या. आत्याबाई आडावर बसल्या होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. बाजेवर घालून घरी आणलं. दोन्ही पायांना चिमटा काढला तरी कळत नव्हता.

वैद्याला गाडी पाठवून आणवलं. त्यानं अंगठा फिरवला, काही विचारलं नाही. मीच सगळ्यांसमोर म्हणाले, "मी लाथ मारली."

"तुझ्या लाथंनं झालं का हंड्यानं, ते आता कुनी सांगावं?" तो म्हणाला. "पर दोनी टाळता आलं असतं."

त्यानंतर मी कुणाच्याही पाठीला पाय लावला नाही. पण ते आत्याबाईंच्या काय कामाचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाण्याचा थेंब नव्हता. मामंजी चूळही न भरता मळ्यात गेले. कांद्याच्या रोपांना पाणी घालायचं एक पिंप तिथं पडून होतं, ते त्यांनी बैलगाडीवर चढवलं. नवरा आणि दीर आडातून पाणी शेंदून त्यात ओतत गेले. अंगणात ऊन यायच्या आत रांजण, हंडे, घागरी सगळं भरलं. गावात कुणी हसलं नाही.

मी आत्याबाईंचे पाय पुसत बसले होते. त्या पडल्या पडल्या रांजणात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत होत्या. आवाज थांबला तसं त्यांनी विचारलं, "किती खेपा झाल्या?"

"एकच," मी म्हणाले.



"येवढंच हुतं व्हय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला भिंतीकडं वळव, पोरी."